फोनाफोनीवरून काढलेला अमेरिकेचा नकाशा: फुकट आहे, बघाच, पण आपण त्यात फारसे नाही

मिक्सर, डोशाचा तवा आणि ओक ट्री रोडवरची हॉटेलं सोडून पहिल्यांदाच एका नकाशाचा रिव्ह्यू लिहितेय, सांभाळून घ्या. आधीच सांगून टाकते, पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली येईलच, आणि तो आपल्यासारख्या अमेरिकेतल्या देशी लोकांसाठी तसा मोठाच स्टार आहे.

तर नकाशाचं नाव ‘द कनेक्टेड स्टेट्स ऑफ अमेरिका’. एमआयटीच्या सेन्सेबल सिटी लॅबने एटी अँड टी या फोन कंपनीच्या आणि आयबीएमच्या रिसर्चवाल्यांना सोबत घेऊन २०११ मध्ये काढलेला. जुना आहे, मान्य, पण नाव टाकून शोधला की सापडतो आणि बघायला पैसे पडत नाहीत. यात राज्यांच्या सीमा सरकारने आखल्यात तशा नाहीतच. कोणत्या काउंटीतले (काउंटी म्हणजे इथला जिल्हाच समजा) लोक कोणत्या काउंटीतल्या लोकांना मोबाइलवरून किती फोन करतात, किती टेक्स्ट पाठवतात, एवढंच बघून देशाचे नवीन तुकडे पाडलेत आणि प्रत्येक तुकड्याला एकेक रंग दिलाय. सीडीआर हा शब्द आपल्याकडे फक्त क्राइमच्या बातम्यांत येतो ना, ‘आरोपीचा सीडीआर काढला’ वगैरे, तर कच्चा माल तोच. कुणी कुणाला कधी किती वेळ फोन केला ते. बोलणं काय झालं ते कंपनीने दिलेलं नाही आणि इथे लागतही नाही, नावंही नाहीत, सगळं काउंटीच्या हिशोबात गोळा केलेलं.

आता हे तुकडे पाडतात कसे? समजा लग्नाच्या हॉलमध्ये तुम्हाला वरच्या गॅलरीत उभं केलंय, कोण नवरीकडचं कोण नवऱ्याकडचं काही माहीत नाही, आवाजही ऐकू येत नाही, फक्त कोण कुणाशी किती वेळ बोलतंय एवढंच दिसतंय, तरी अर्ध्या तासात तुम्ही सांगाल की हा घोळका मामाकडचा, तो ऑफिसचा, आणि ती कोपऱ्यातली चार माणसं कुणाचीच नाहीत. कॉम्प्युटरही तेच करतो. आपसात भरपूर बोलणारे एकत्र टाकायचे, बाहेर कमी बोलणारे वेगळे काढायचे, आणि गट जास्तीत जास्त घट्ट होईपर्यंत हेच चालू ठेवायचं. गंमत म्हणजे त्याला कोणती काउंटी कोणत्या काउंटीला लागून आहे हे सांगायची गरजच नसते, तरी जे गट पडतात ते नकाशावर बऱ्यापैकी सलग, एकमेकांना चिकटून येतात. फोनला अंतर नाही असं आपण म्हणतो, पण माणसं फोन करतात ती जवळच्यालाच, हे असं रंगात बघितलं की पटतं.

आता खरी मजा, न्यू जर्सी. आम्ही एडिसनवाले, त्यामुळे पहिलं बोट तिथेच गेलं. या नकाशात न्यू जर्सी नावाचं राज्यच नाही हो! वरचा भाग न्यूयॉर्कच्या रंगात आणि खालचा फिलाडेल्फियाच्या रंगात, मधोमध फाडलंय. मी तो स्क्रीनशॉट मामेबहिणीला पाठवला, ती चेरी हिलला असते, टर्नपाइकवर (आमचा टोलवाला हायवे) एक्झिट १० ला चढलं आणि एक्झिट ४ ला उतरलं की तिचं घर, तासाभराचा रस्ता, एकच राज्य, एकच लायसन्स, एकच गव्हर्नर. तिचा रिप्लाय आला, ‘बरोबरच आहे ताई, तू कधी येतेस इकडे?’ आणि खरंच की. आम्ही मेट्रोपार्कहून ट्रेन पकडून न्यूयॉर्कला पळणार, ती पॅटकोच्या लोकलने फिलीला, म्हणजे फिलाडेल्फियाला. आमच्या टीव्हीवर न्यूयॉर्कचे चॅनल, तिच्याकडे फिलाडेल्फियाचे. तिची पोरं फिलीच्या फुटबॉल टीमचं, ईगल्स ईगल्स करत वाढली आणि आमच्याकडे न्यूयॉर्कच्या जायंट्सची जर्सी. गणपतीला आम्ही इथल्या मंडळात, ती पूल ओलांडून तिकडच्या. सख्खी मामेबहीण असून महिन्याला जेवढे फोन मी ऑफिसातल्या, न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये राहणाऱ्या बाईला करते तेवढे हिला करत नाही, आणि हे कळायला एमआयटी लागली.

यात अजून एक मजा आहे जी नकाशावाल्यांनी काढली नसेल पण इथे राहणाऱ्याला दिसतेच. न्यू जर्सीची अशी फाळणी पूर्वी एकदा खरोखर झालेली आहे. १६७६ च्या एका करारात ईस्ट जर्सी आणि वेस्ट जर्सी असे दोन भाग पाडले, म्हणजे रायगडावर राज्याभिषेक झाल्यानंतर दोनच वर्षांनी, आणि ते १७०२ पर्यंत वेगळे होते. ईस्टची राजधानी पर्थ अँबॉय, आमच्या अगदी शेजारी, आणि वेस्टची बर्लिंग्टन, डेलावेअर नदीवर, फिलाडेल्फियाच्या बाजूला. त्या वेळचा ईस्टचा ओढा न्यूयॉर्ककडे आणि वेस्टचा फिलीकडे, कारण बंदरं तिकडे. प्रिन्स्टनजवळ अजून प्रॉव्हिन्स लाइन रोड नावाचा रस्ता आहे, तो त्या जुन्या सीमेवरूनच आलेला. फोनवाली रेघ आणि ती रेघ तंतोतंत एक नाही, पण कल तोच. सव्वातीनशे वर्षांत मधे रेल्वे आली, टर्नपाइक आला, मोबाइल आला, तरी लोकांची तोंडं त्याच दोन दिशांना.

आणि सेंट्रल जर्सीवाल्यांनी तर हा नकाशा बघूच नये, बीपी वाढेल. सेंट्रल जर्सी आहे की नाही यावर इथे जेवढी भांडणं होतात तेवढी आपल्याकडे मिसळ कुठली भारी यावर होत असतील. शेवटी २०२३ मध्ये गव्हर्नरनी सही करून कायदाच केला, टुरिझमच्या नकाशात हंटरडन, मर्सर, मिडलसेक्स आणि सॉमरसेट या काउंट्या सेंट्रल जर्सी म्हणून दाखवायच्या. कायद्याने आम्ही आहोत, फोनने नाही!

बाकीची राज्यं भराभर सांगते. कॅलिफोर्नियाचेही तुकडे पडलेत, ते अपेक्षितच होतं, सॅन फ्रान्सिस्कोकडच्या बे एरियातला माणूस लॉस एंजेलिसवाल्याला फोन करून काय बोलणार. जॉर्जिया आणि अलाबामा मिळून एक, लुइझियाना आणि मिसिसिपी मिळून एक, आणि वरची न्यू इंग्लंडची छोटी छोटी राज्यं एकत्र. टेक्सास मात्र अखंड! एवढं अवाढव्य राज्य आणि सगळे आपसातच बोलतात. माझा एक मित्र डॅलसला आहे, त्याला सांगितलं तर म्हणाला, ‘यात न्यूज काय आहे?’ टेक्सासवाल्यांचं असंच असतं. कॉलचा नकाशा वेगळा आणि टेक्स्टचा वेगळा दिलाय, दोन्ही शेजारी ठेवून बघा, रेघा जुळत नाहीत, आणि हे चांगलं केलंय त्यांनी, कारण फोन आणि मेसेज आपण वेगवेगळ्या माणसांना करतो. सासूबाईंना फोन करावाच लागतो, टेक्स्ट करून भागत नाही.

असलंच काम युरोपात आधी झालंय. बेल्जियममध्ये एका कंपनीच्या वीस लाखांवर ग्राहकांच्या फोनवरून गट पाडले होते, २००८ ची गोष्ट, आणि देश भाषेवरून उभा चिरला गेला, डच बोलणारे एकीकडे आणि फ्रेंच बोलणारे दुसरीकडे, दोन्ही भाषा मिसळलेला म्हणावा असा गट जवळजवळ एकच निघाला. हे वाचल्यावर कुठल्याही मराठी माणसाच्या डोक्यात जे येईल तेच माझ्याही आलं. बेळगाव, निपाणी, कारवारच्या लोकांचे फोन कोल्हापूरकडे किती आणि धारवाड-हुबळीकडे किती याचा असा एक नकाशा कुणीतरी काढायला हवा होता. महाजन आयोगाने १९६७ मध्ये अहवाल दिला तेव्हा मोबाइल नव्हते, पण आता आहेत ना. अर्थात काढला तरी भांडण मिटणार नाही, उलट दोन्हीकडचे वकील तोच नकाशा घेऊन कोर्टात उभे राहतील, ते सोडा.

त्याच बेल्जियमच्या डेटावरून कालाब्रेसे, रात्ती वगैरे संशोधक मंडळींनी २००९ मध्ये अजून एक गोष्ट दाखवली. दोन शहरांमधलं फोनवरचं बोलणं हे दोन्हीकडच्या लोकसंख्येच्या गुणाकाराने वाढतं आणि अंतराच्या वर्गाने कमी होतं. म्हणजे शाळेत न्यूटनचं गुरुत्वाकर्षण पाठ केलेलं तेच सूत्र, वस्तुमानाच्या जागी माणसं. अंतर दुप्पट, बोलणं पाव. आणि २०११ मध्ये याच मंडळींचा पोर्तुगालवरचा अभ्यास आला, त्यात असं निघालं की जे एकमेकांना फोन करतात त्यातले ९० टक्क्यांहून जास्त लोक त्या वर्षात कधी ना कधी एकाच टॉवरच्या हद्दीत येऊन गेलेले होते, घरं लांब असली तरी. म्हणजे फोन हा भेटीच्या बदल्यात नाही, भेटीबरोबर येतो. ज्याला भेटता त्यालाच फोन करता.

इथेच मी तो एक स्टार कापला.

कारण हे सूत्र माझ्या फोनला लावा बरं. मी सगळ्यात जास्त बोलते आईशी, ती मिरजेला. अंतराचा वर्ग केला तर आमचं बोलणं शून्यावर यायला पाहिजे, प्रत्यक्षात रोज सकाळी चहा ठेवला की फोन, आज काय भाजी, कामवाली आली का, पलीकडच्या वहिनींचा गुडघा. आणि एका टॉवरखाली? व्हिसा स्टँपिंगची कटकट, पोरांच्या शाळा आणि तिकिटाचे भाव बघता दोन वर्षांतून एकदा आलो तरी नशीब. म्हणजे पोर्तुगालच्या त्या ९० टक्क्यांतून मी बाहेर, आणि माझ्यासारखा प्रत्येक देशी, मेक्सिकन, फिलिपिनो बाहेर. नकाशा अमेरिकेच्या आतल्या फोनांचा आहे. मिडलसेक्स काउंटीत भारतातून आलेले लोक एवढे आहेत की काही शाळांत देशी पोरंच जास्त दिसतात, तरी या नकाशात मिडलसेक्सची एक रेघ हैदराबादला किंवा आणंदला किंवा पुण्याला जात नाही. तिचा रंग आपला न्यूयॉर्कचा.

त्या काळी तर हे अजून गमतीदार होतं. २०१०-११ ला आम्ही भारतात फोन कसा लावायचो आठवतंय का? कॉलिंग कार्ड! आधी इथलाच एक ॲक्सेस नंबर फिरवायचा, मग पिन टाकायचा, मग ‘यू हॅव... मिनिट्स’ ऐकायचं, आणि मग ०११-९१ करून मिरजेचा नंबर. म्हणजे मोबाइल कंपनीच्या रेकॉर्डला दिसणार काय, तर ही बाई रोज सकाळी एका लोकल नंबरवर चाळीस मिनिटं बोलते. आई कुठेच नाही. आता व्हॉट्सॲपमुळे तर तोही लोकल नंबर गेला, आता फक्त डेटा जातो आणि कंपनीला मी सिनेमा बघतेय का आईशी बोलतेय तेही धड कळणार नाही. त्यामुळे असा नकाशा आज नुसत्या कॉलवरून काढला तर २०११ पेक्षा जास्त खोटा येईल असं माझं मत.

दुसरी तक्रार, एकाच कंपनीचा डेटा. एटी अँड टी म्हणजे अख्खी अमेरिका नाही. आणि फेब्रुवारी २०११ पर्यंत इथे आयफोन हवा असेल तर एटी अँड टीच घ्यावं लागायचं, त्यामुळे आयफोनवाले तिथे जास्त जमलेले, आणि नवीन आलेले स्टुडंट लोक स्वस्तातल्या प्रीपेडवर. त्यात तेव्हाचे प्लॅन आठवा, मिनिटं मोजून मिळायची, रात्री नऊनंतर आणि वीकेंडला फुकट, आणि सेम नेटवर्कवर बऱ्याच प्लॅनमध्ये मोबाइल-टू-मोबाइल फुकट. म्हणून अख्खा मित्रांचा ग्रुप एकाच कंपनीचा फॅमिली प्लॅन घ्यायचा, कुणाचंही कुणाशी नातं नसताना ‘फॅमिली’! तर फोन जास्त झाले ते जीव जास्त म्हणून की मिनिटं फुकट म्हणून, हे कोण सांगणार.

तिसरी तक्रार लहान आहे पण मला खटकली. एका काउंटीला एकच रंग. समजा एखाद्या काउंटीतले निम्मे न्यूयॉर्ककडे फोन करतात आणि निम्म्याला जरा कमी फिलीकडे, तरी तिला पूर्ण न्यूयॉर्कचा रंग मिळणार, आणि बघणाऱ्याला वाटणार की तिथे भिंतच आहे. सीमेवरच्या काउंट्यांना पट्टे पट्टे दिले असते तर जास्त खरं वाटलं असतं.

प्रायव्हसीचं काय, असं नवऱ्याने लगेच विचारलं, आणि प्रश्न बरोबर आहे. या नकाशात काउंटीच्या खाली काही नाही त्यामुळे मला तरी भीती वाटली नाही. पण त्याच्या मागचा कच्चा डेटा म्हणजे वेगळंच प्रकरण. २०१३ मध्ये द मोंजॉय नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सोबतच्यांनी १५ लाख लोकांचा १५ महिन्यांचा मोबाइल डेटा तपासला, नावं काढून टाकलेला, तरी माणूस कधी कुठे होता अशा नुसत्या चार नोंदी मिळाल्या की ९५ टक्के लोक त्या गर्दीतून एकटे ओळखू येतात. चार नोंदी म्हणजे काय हो, घर, ऑफिस, पोराचा तबला क्लास आणि पटेल ब्रदर्सचं किराणा दुकान, झालं. आणि त्याच वर्षी जूनमध्ये स्नोडेनने बाहेर काढलं की व्हेरायझन या फोन कंपनीचे कॉल रेकॉर्ड सरकार रोजच्या रोज घेतंय, म्हणजे ‘फक्त मेटाडेटा आहे’ (बोलणं नाही, नुसती कुणी कुणाला कधी फोन केला ती नोंद) म्हणून हसण्यावारी न्यायची सोय राहिली नाही.

पण दुसरी बाजूही बघा. हैतीमध्ये २०१० ला भूकंप झाला तेव्हा १९ लाख फोनांच्या हालचालीवरून लोक राजधानीतून कुठे कुठे गेले ते काढलं, आणि असं दिसलं की माणसं वाट फुटेल तिकडे पळाली नाहीत, आधीच्या ख्रिसमस आणि न्यू इयरला जिथे जाऊन राहिली होती साधारण तिथेच गेली. म्हणजे संकटात माणूस कुठे जाईल हे त्याच्या सणाच्या सुट्टीवरून कळतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मुंबईतले चाकरमानी कुठे निघाले ते आपल्याला कुठल्याही डेटाशिवाय माहीत होतं, गणपतीला जिथे जातात तिथे. पण सरकारला बस आणि धान्य किती पाठवायचं ते ठरवायचं असेल तर असा आकडा हाताशी असलेला बरा.

याला पर्याय म्हणून लोक फेसबुकचा सोशल कनेक्टेडनेस इंडेक्स सुचवतात, म्हणजे कुठल्या दोन जागांमध्ये फेसबुकवरची मैत्री किती दाट याचा आकडा, तोही मी वापरून बघितला, तोही फुकट, ह्युमॅनिटेरियन डेटा एक्स्चेंज नावाच्या साइटवरून डाउनलोड करता येतो. फायदा हा की तो देशाबाहेर जातो आणि भारताचे जिल्हेही त्यात आहेत. तोटा हा की तो नकाशा नाहीच, एक भलीमोठी फाइल आहे, दोन जागांची नावं आणि समोर एक आकडा, तो १ पासून १०० कोटीपर्यंत काहीही, आणि नुसत्या आकड्याला काही अर्थ नाही, दुसऱ्या जोडीशी तुलना केली तरच. एक्सेल उघडताना रडतं. त्यावर झालेलं काम मात्र झकास आहे, म्हणजे अमेरिकेतल्या माणसाचे सुमारे ६३ टक्के फेसबुक फ्रेंड १०० मैलांच्या आत असतात, किंवा कॅलिफोर्नियातल्या कर्न काउंटीचे धागे अजून ओक्लाहोमाकडे जातात कारण १९३० च्या दशकातल्या दुष्काळात तिकडची शेतकरी माणसं उठून इथे आली होती. नव्वद वर्षं झाली, नातवंडं-पतवंडं फेसबुकवर आली, तरी धागा आहे. हे वाचून मी बराच वेळ सातारा आणि मुंबईच्या माथाडी कामगारांचा विचार करत बसले.

तरीपण माझं मत फोनलाच. फेसबुकवर माझे फ्रेंड म्हणून जे लोक आहेत त्यातल्या निम्म्यांना मी रस्त्यात ओळखणार नाही, एकदा ॲक्सेप्ट केलं की पुढे काही करावं लागत नाही. फोन करायला वेळ काढावा लागतो, आवाज ऐकून घ्यावा लागतो, समोरचा उचलेल का अशी धाकधूक असते. आणि भारतात फेसबुकवर पुरुष बायकांपेक्षा बरेच जास्त, तर गावाकडच्या नात्यांची खरी फोनाफोनी ज्या करतात त्या आत्या, मावश्या, काकवा त्या इंडेक्सात कमीच येणार. आमच्या घरात तरी कोण कुठे आजारी, कुणाचं जमलं, कुणाचं फिसकटलं, हे सगळं आईच्या फोनवरून चालतं, बाबांना संध्याकाळी कळतं.

बघणार असाल तर मोठ्या स्क्रीनवर बघा, मोबाइलवर काउंट्या टिकलीएवढ्या दिसतात. आधी कॉलवाला नकाशा, मग टेक्स्टवाला. टेक्सासवाल्यांनी वेळ घालवू नये, एकच रंग आहे. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि कॅलिफोर्नियावाल्यांनी आपापली काउंटी शोधा आणि कुठल्या रंगात निघाली ते खाली कमेंटमध्ये टाका, विशेषतः मर्सर काउंटीवाले, तुमच्यावरून आमच्या घरात पैज लागलेली आहे.